दोन चौकोन, चार बाण आणि आत्याच्या तीनशे पोळ्या

एफवायला असताना इकॉनॉमिक्सच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. डावीकडे लिहिलं कुटुंबं, उजवीकडे उद्योगसंस्था, मध्ये चार बाण. कुटुंबं श्रम पुरवतात, उद्योगसंस्था मोबदला देतात, त्या मोबदल्यातून कुटुंबं वस्तू घेतात, पैसा परत उद्योगसंस्थेकडे जातो, झालं चक्र पूर्ण. मी लालबागच्या चाळीत वाढलेला, त्यामुळे डोक्यात लगेच आलं की उजवीकडच्या चौकोनात माझे आजोबा २९ वर्षं गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, उभे होते, आणि डावीकडच्या चौकोनात आजी रोज १४ गाववाल्यांचं जेवण रांधायची. चित्राप्रमाणे आजोबा श्रम पुरवत होते. आजी काय करत होती? ती आपली घरी होती. मी काही विचारलं नाही, परीक्षेला तेच चित्र काढलं, पाचपैकी पाच मिळाले.

आता इतक्या वर्षांनी हे लिहायचं कारण म्हणजे "मार्क्सवाद्यांचा अर्थशास्त्रावर नक्की आक्षेप काय?" असं कोणी विचारलं की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात, एक म्हणजे श्रीमंत वाईट आणि गरीब चांगले, दुसरं म्हणजे रशिया बुडाला ना मग विषय संपला. दोन्ही उत्तरं देणाऱ्याने मूळ भांडण वाचलेलंच नसतं. मी कुठल्या पक्षाचा नाही, इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी करतो, पण हे भांडण मला मनापासून इंटरेस्टिंग वाटतं. एका वाक्यात सांगायचं तर ते दोन चौकोनांचं चित्र बाजारातून निघतं आणि गिरणीच्या गेटपर्यंत येऊन थांबतं. भोंगा झाल्यावर गेटच्या आत काय होतं, आणि गेटच्या आतलं सगळं एका माणसाचं आणि बाहेरच्या हजारोंचं काहीच नाही हे कसं झालं, ह्याला त्या चित्रात जागाच नाहीये.

आधी थोडं मागे जाऊ. ॲडम स्मिथ १७७६ मध्ये आणि डेव्हिड रिकार्डो १८१७ मध्ये लिहीत होते तेव्हा अर्थशास्त्र सरळसरळ वर्गांबद्दल बोलायचं. जमीनदार, भांडवलदार, मजूर, असे तीन. रिकार्डोने तर पुस्तकाच्या प्रस्तावनेतच लिहिलं की देशात जे काही पिकतं-बनतं ते ह्या तिघांत कसं वाटलं जातं ते शोधणं हाच ह्या शास्त्राचा मुख्य प्रश्न. आणि वस्तूचं मूल्य तिच्यात किती श्रम गेलेत त्यावर ठरतं हेही मुळात ह्याच लोकांचं म्हणणं, मार्क्सने ते आकाशातून आणलं नाही, त्याने फक्त ते धरून ठेवलं आणि त्यांना नकोसे वाटतील असे निष्कर्ष काढले.

मग १८७१ च्या आसपास गाडीने रूळ बदलला. इंग्लंडमध्ये जेव्हन्स, व्हिएन्नात मेंगर आणि १८७४ मध्ये लोझानला वालरास, तिघांनी वेगवेगळं बसून जवळपास एकच गोष्ट मांडली, की किंमत श्रमावर नाही तर शेवटच्या घासाच्या समाधानावर ठरते. म्हणजे भूक लागलेली असताना पहिली पोळी सोन्यासारखी, दुसरी बरी, पाचवी वाढायला आली की आपण ताटावर हात धरतो. ह्या शेवटच्या पोळीपासून मिळणाऱ्या समाधानाला सीमांत उपयोगिता म्हणतात आणि कल्पना म्हणून ती खरंच भारी आहे, पाणी स्वस्त आणि हिरा महाग का हे तिने एका फटक्यात सुटतं. पण त्या बदलात एक गोष्ट गुपचूप गायब झाली. वर्ग गेले, उरली फक्त निवड करणारी सुटी सुटी माणसं. १९३२ मध्ये लायोनेल रॉबिन्सने जी व्याख्या केली ती अजून आपल्या पुस्तकात पाठ करायला आहे, अर्थशास्त्र म्हणजे मर्यादित साधनं, त्यांचे अनेक उपयोग, आणि त्यातून माणूस करतो ती निवड. ह्या व्याख्येत रात्रपाळी घेणारा कामगार पण निवड करतोय आणि गिरणी बंद करणारा मालक पण निवडच करतोय. दोघं एका पातळीवर.

आणि ह्या रॉबिन्सच्या आधीच येऊन गेला अमेरिकेतला जॉन बेट्स क्लार्क, १८९९. त्याने सीमांतचा हाच नियम पगाराला लावला. शेवटचा कामगार ठेवल्याने उत्पादनात जेवढी भर पडते तेवढा पगार, भांडवलाच्या शेवटच्या रुपयाने जेवढी भर पडते तेवढा नफा, म्हणजे ज्याने जेवढं घातलं तेवढं त्याला मिळालं, कोणी कोणाचं खाल्लं नाही. आता लोक म्हणतात अर्थशास्त्र आपलं न्यूट्रल असतं, पण क्लार्क स्वतः प्रामाणिक माणूस, त्याने उघड लिहिलंय की कामगार लुटला जातो हा आरोप जर सिद्ध झाला तर प्रत्येक सरळ माणसाने समाजवादी व्हायला पाहिजे. म्हणजे ह्या सिद्धांतावर काय काय टांगलेलं आहे ते त्याला चांगलंच माहिती होतं.

आता मार्क्स. त्याच्या 'भांडवल' ह्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड १८६७ चा, म्हणजे क्लार्कच्या आधीचा, तरी क्लार्कला उत्तर त्यातच आहे असं मार्क्सवादी म्हणतात. त्याचा प्रश्न साधा आहे. बाजारात सगळे व्यवहार सारख्याला सारखे होतात असं धरा, कोणी कोणाला फसवत नाही, काटा मारत नाही. मग नफा येतो कुठून?

हे मी आत्याच्या उदाहरणाने सांगतो. आत्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करते, दादर ते परळच्या मध्ये कुठेतरी आहे, नाव सांगत नाही. आकडे कळायला सोपे जावेत म्हणून मी गोल केलेत. आठ तासांत ती ३०० पोळ्या लाटून भाजते, पोळी ८ रुपयाला जाते, म्हणजे गल्ल्यात २४०० रुपये. पीठ, तेल, गॅस मिळून १२००. कणीक मळायच्या मशीनची झीज, तवे, लाईटबिल ह्याचे तिच्या वाट्याला २०० धरा. उरले १००० रुपये. पीठ काही स्वतः पोळी होत नाही, गॅस नुसता जळून जातो, हे जे नवीन १००० रुपये उभे राहिले ते आत्याच्या आठ तासांतून. तिला रोज मिळतो ५०० रुपये. म्हणजे पहिल्या चार तासांत तिने स्वतःची मजुरी काढली आणि उरलेले चार तास? त्या चार तासांतल्या ५०० ला मार्क्स वरकड मूल्य म्हणतो.

आता गंमत बघा, ह्यात फसवणूक कुठेच नाही. ५०० हा बाजारभाव आहे, शेजारच्या केंद्रात पण तेवढाच देतात. मार्क्सचा मुद्दा असा की मालकाने आत्याचे "श्रम" विकत घेतलेच नाहीत. त्याने घेतली तिची श्रमशक्ती, म्हणजे काम करायची तिची क्षमता, दिवसभरासाठी. त्या क्षमतेची किंमत ठरते ती आत्याला उद्या परत कामावर यायला काय लागतं त्यावरून, म्हणजे खोलीचं भाडं, जेवण, पास, गुडघ्याच्या गोळ्या. आणि ती क्षमता दिवसभर वापरल्यावर त्यातून किती निघेल तो वेगळाच आकडा. दोन आकड्यांमधलं अंतर हाच नफ्याचा झरा. हा फरक मला कॉलेजात कोणीच सांगितला नाही आणि आजही मला वाटतं की मार्क्समधलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

(मालकाच्या हातात ते ५०० च्या ५०० राहत नाहीत हेही खरंय. त्यातून गाळ्याचं भाडं जातं, बँकेचं व्याज जातं, मग जे राहील तो नफा. मार्क्सने हे सांगितलेलंच आहे, नफा, व्याज आणि खंड (म्हणजे जागेचं भाडं) हे एकाच वरकडीचे तीन वाटेकरी. मुंबईत तर गाळेवालाच सगळ्यात मोठा वाटा उचलून नेतो त्यामुळे आमचा केंद्रवाला पण कायम रडत असतो आणि खोटं रडत नाही.)

एकदा असं बघायला लागलं की गिरणगावचा सगळा इतिहास वेगळा दिसतो. घेतलेल्या दिवसातून जास्त काढायचं तर मालकाकडे मार्ग किती? एक म्हणजे दिवसच लांबवायचा. आधी गिरण्या सूर्याच्या उजेडावर चालायच्या, मग विजेचे दिवे आले आणि १३-१४ तासांचा दिवस झाला, म्हणजे ज्याला आपण प्रगती म्हणतो तो दिवा कामगाराची संध्याकाळ खाऊन पेटला. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, १९११ च्या कायद्याने पुरुषांना १२ तास, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १०, १९४८ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८. मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत ह्यातला एक तास सुद्धा सापडत नाही. हे तास संप, मोर्चे, अर्ज-विनंत्या आणि कमिशनं ह्यातून कमी झाले, आणि मार्क्सच्या पहिल्या खंडातलं कामाच्या दिवसावरचं भलंमोठं प्रकरण नेमकं हेच सांगतं की दिवस किती तासांचा हे बाजार ठरवू शकत नाही, दोन्ही बाजूंना हक्क आहे आणि हक्काविरुद्ध हक्क उभा राहिला की जोर ज्याचा जास्त त्याचं चालतं.

दुसरा मार्ग म्हणजे तास तेवढेच ठेवायचे आणि आतलं काम घट्ट करायचं. १९२८ चा मोठा संप ह्याच्यावरच पेटला. मालक म्हणाले सुधारणा, दोन सांचे (म्हणजे माग) चालवणाऱ्याने आता तीन चालवा. लाखाहून जास्त माणसं जवळजवळ सहा महिने बाहेर राहिली, गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. पुस्तकी भाषेत ह्याला उत्पादकता वाढली म्हणतात. वाढली ना, पण कोणाच्या पायांवर?

आता मुख्य प्रवाहातल्या अर्थशास्त्राची बाजू. ते म्हणतील, अहो मालकाने भांडवल घातलं, थांबला, रिस्क घेतली, त्याचं काहीच नाही का? मशीन नसतं तर आत्याने ३०० नाही १०० पोळ्या केल्या असत्या, मग त्या वाढीव २०० चं श्रेय भांडवलाला नको? हा प्रश्न चांगला आहे आणि नुसतं "शोषण शोषण" ओरडून त्याला उत्तर मिळत नाही.

उत्तर दिलं केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन बाईंनी. (ह्या बाई १९२० च्या दशकात दोनेक वर्षं ग्वाल्हेरला राहिलेल्या, नवरा तिथे शिंदे महाराजांचा शिक्षक होता.) त्या मार्क्सवादी नव्हत्या, मार्क्सचं मूल्याचं गणित त्यांना अजिबात पटायचं नाही, पण १९५३-५४ मध्ये त्यांनी विचारलं, की भांडवल भांडवल म्हणता ते मोजता कशात? श्रम तासांत मोजता येतात, जमीन गुंठ्यात. पण तवा, मशीन, गाळा ह्यांची बेरीज कशी करणार? रुपयांत. बरं, मग रुपयांतली किंमत कशी ठरते?

मुंबईचा गाळा घ्या. महिना ५० हजार भाडं, म्हणजे वर्षाला ६ लाख. पैशावर ६ टक्के सुटत असतील तर ह्या गाळ्याची किंमत १ कोटी. दर ३ टक्के झाला तर तोच गाळा, त्याच चार भिंती, तीच गळणारी पाईप, किंमत २ कोटी. भांडवल रातोरात दुप्पट, पोळी एकही जास्त नाही. म्हणजे भांडवल किती हे कळायला आधी नफ्याचा किंवा व्याजाचा दर माहीत पाहिजे, आणि तुम्ही तर भांडवलाच्या उत्पादकतेवरून नफ्याचा दर काढायला निघाला होतात. हा उंदीर स्वतःचीच शेपटी पकडतोय. गाळा म्हणजे जागा, मशीन वेगळं, असं कोणी म्हणेल तर बरोबर आहे, मशीनच्या बाबतीत हिशोब जास्त गुंतागुंतीचा होतो पण गाठ तीच.

ह्यावर इंग्लंडचं केंब्रिज आणि अमेरिकेचं केंब्रिज (म्हणजे तिथल्या केंब्रिज गावातलं एमआयटी) ह्यांच्यात दहा-बारा वर्षं जुंपली होती. रॉबिन्सन बाईंच्या बाजूचे पिएरो स्राफा, १९६० चं त्यांचं पुस्तक इतकं बारीक की हातात घेतल्यावर वाटतं अर्ध्या दिवसात संपेल, संपत नाही. त्यांनी दाखवलं की नुसत्या तंत्रज्ञानावरून किमती आणि नफा दोन्ही निघत नाहीत, मजुरी किंवा नफा ह्यातला एक आकडा बाहेरून यावा लागतो. बाहेरून म्हणजे कुठून? रीत, कायदा, ताकद, संप. समोरून पॉल सॅम्युएलसन, ज्यांचं पाठ्यपुस्तक जगभर चालायचं, त्यांनी १९६६ मध्ये लेख लिहून मान्य केलं की भांडवलाची ती सोपी गोष्ट सगळीकडे खरी ठरत नाही. मोठेपणा आहे. फक्त पुढच्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांत काही बदललं नाही आणि २००३ मध्ये मी टीवायला तीच सोपी गोष्ट लिहून पास झालो.

ह्याच सॅम्युएलसननी १९५७ मध्ये असंही लिहिलं होतं की पूर्ण स्पर्धेच्या बाजारात कोण कोणाला कामावर ठेवतं ह्याने काही फरक पडत नाही, श्रमाने भांडवलाला कामावर ठेवलं तरी चालेल. मला हे वाक्य फार आवडतं कारण मुंबईत एकदा खरंच तसं झालंय. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं, तिथे लाटणाऱ्या बहिणीच मालक. म्हणजे जमतं. मग प्रश्न असा की फरक पडत नसेल तर असं क्वचितच का सापडतं, बहुतेक सगळीकडे पैसाच माणसाला कामावर का ठेवतो? रॅडिकल म्हणजे डाव्या अर्थशास्त्रज्ञांचं उत्तर, कारण बाजारात यायच्या आधीच वाटप झालेलं असतं, कोणाकडे गाळा आहे, कोणाकडे फक्त हात, आणि तारण मागितल्यावर हात ठेवून घेणारी बँक अजून निघाली नाही.

बेरोजगारीवर पण असंच. आम्हाला शिकवलं की मजुरी जास्त झाली की काम कमी होतं, मजुरी खाली येऊ द्या, सगळ्यांना काम मिळेल, बाजार जुळून येईल. आजोबा ह्याच्यावर हसले असते. ते स्वतः पहिली सहा वर्षं बदली होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कोणाचा खाडा असेल आणि जॉबरची, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाची, मर्जी असेल तर काम, नाही तर घरी. आतला माणूस सांच्यावरून मान वर करायचा आणि गेटवरची ती गर्दी त्याला आठवायची, बस्स, मुकादमाला ओरडायची गरजच नाही. मार्क्स ह्या गर्दीला राखीव फौज म्हणतो. त्याच्या मते बेकारी हा बाजाराचा बिघाड नाही, ती ह्या यंत्राचा लागणारा पार्ट आहे. १९४३ मध्ये पोलंडच्या मिखाल कालेकीने अजून पुढचं सांगितलं, की सरकारला सगळ्यांना काम देणं जमू शकतं, पण ते कायमचं झालं तर मालकवर्ग विरोध करेल, नफा तेव्हा वाढत असला तरी, कारण "उद्यापासून येऊ नको" ह्या वाक्याची धार जाते.

आता खरी मजा. १९८४ मध्ये शापिरो आणि स्टिग्लिट्झ ह्या दोन एकदम मुख्य प्रवाहातल्या माणसांनी गणित मांडून दाखवलं की बेरोजगारी कामगारांना शिस्तीत ठेवायचं काम करते. चांगल्या जर्नलमध्ये छापून आलं, खूप गाजलं. स्टिग्लिट्झना पुढे दुसऱ्या कामासाठी नोबेल पण मिळालं. गेटवर उभ्या असलेल्या कुठल्याही बदलीवाल्याने हे फुकटात सांगितलं असतं.

आता आजीकडे येतो, कारण तिच्यावरून तर सुरुवात झाली. आमच्या गाळ्यात पाटणकडचे गाववाले राहायचे, बायका-मुलं गावी, पाळीपाळीने झोपायचे, आणि आजी त्यांची खानावळ चालवायची, पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा कारण सातच्या पाळीला डबा पाहिजे. महिन्याचे पैसे मिळायचे पण भांडी, पाणी भरणं, आजारी माणसाला पेज, ह्याचे कुठले. आजी नसती तर १४ माणसं सकाळी सांच्यावर उभीच राहिली नसती. पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच सांगितलेलं, की माणसाने आपल्या मोलकरणीशी लग्न केलं तर देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. काम तेच, पगार बंद झाला म्हणून हिशोबातून बाहेर. सगळे हसले आणि हिशोब तसाच चालू ठेवला.

पण इथे मार्क्सवाद्यांचीही पंचाईत आहे. त्यांचं गिरणीच्या आतल्या वरकडीवर इतकं लक्ष, की श्रमशक्ती रोज परत तयार कोण करतं हे मार्क्सने पण दोन-चार वाक्यांत उरकलं. १९७२ पासून युरोप-अमेरिकेत घरकामाला पगार द्या अशी चळवळ झाली, तिथल्या स्त्रीवादी बायकांनी डाव्यांनाच धारेवर धरलं की तुमचा कामगार घरून निघतो तो डबा काय झाडाला लागतो का? मुंबईत प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते ह्याच खानावळवाल्या बायकांचं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आणि एक गोष्ट तर कुठल्याच चौकोनात बसत नाही. गाववाल्यांची पोरं गावच्या शेतावर वाढली, म्हातारपणी आणि आजारपणात ती माणसं गावीच परत गेली, गिरणीने त्यांना फक्त १८ ते ५५ वयात वापरलं. म्हणजे सातारा-कोकणातल्या दोन-दोन एकरांनी मुंबईच्या कापडाला सबसिडी दिली, आणि ताळेबंदात ती कुठेच नाही.

जातीचं अजून अवघड आहे. गॅरी बेकरने १९५७ मध्ये मांडलेलं गणित असं, की जो मालक भेदभाव करतो त्याला तो महाग पडतो, म्हणजे स्पर्धा जोरात असेल तर भेदभाव हळूहळू संपला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत स्पर्धा काही कमी नव्हती. तरी साळखात्यात, जिथे पगार जास्त, दलित कामगारांना प्रवेश नाही, का, तर धोट्यात (मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नळीत) सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि विटाळ. दशकानुदशकं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि त्यांना तो गैरसोयीचा वाटला, कारण सवर्ण सांचेवाले दुखावतील. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या छापल्या गेलेल्या पण होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी लिहिलं की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. हे दोन्ही बाजूंना लागू होतं. निवड करणारा सुटा माणूस मानणाऱ्यांना पण आणि एकजूट कामगारवर्ग आधीच तयार आहे असं धरून चालणाऱ्यांना पण. माझे आजोबा मराठा, साळखात्यात. हे मला फार उशिरा सुचलं.

१८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाख माणसं, त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी फक्त अर्थशास्त्रापुरतं बोलतो. पुस्तकातलं उत्तर असं की जुन्या मशिनी, भिवंडीचे स्वस्त पॉवरलूम, श्रमाची मागणी घटली. हे खोटं नाहीच. पण गिरणीखालची जमीन कापडापेक्षा महाग झाली होती हेही त्याच उत्तरात यायला पाहिजे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला असं होतं, २००१ मध्ये दुरुस्ती करून ती वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यापुरती ठेवली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. एका ओळीत किती एकर फिरले बघा. बाजारभाव ठरायच्या आधी ती ओळ कोणीतरी लिहितं, आणि ती कोणासाठी लिहिली जाते हा प्रश्न विचारणं हे रॅडिकल अर्थशास्त्राचं अर्धं काम आहे.

मार्क्सवाल्यांचं सगळं बरोबर असंही नाही. श्रमतासांवरून रोजच्या किमतीवर कसं यायचं हे त्यांचं जुनं दुखणं, तिसरा खंड १८९४ मध्ये आला आणि १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या बोम-बावेर्कने नेमकं तिथे बोट ठेवलं, तेव्हापासून शंभर वर्षं डावे लोक आपसात ते गणित सोडवतायत आणि प्रत्येकाला वाटतं मलाच सुटलं. नफ्याचा दर घसरत जाणार हे भाकीत पण १९६१ मध्ये जपानच्या ओकिशिओने, जो स्वतः मार्क्सवादी, गणिताने डळमळीत केलं. जॉन रोमर तर १९८२ मध्ये म्हणाला की श्रमाचं मूल्य वगैरे सोडून द्या, मालमत्ता विषम वाटलेली आहे एवढ्यावरून शोषण सिद्ध होतं. आणि बाजाराचा कैवारी असलेल्या हायेकचं १९४५ चं म्हणणं मला खरंच पटतं, की भाव ही माहिती असते, दादरच्या मार्केटात पहाटे चारला कोथिंबिरीचा भाव बघून जे कळतं ते कुठल्याही योजना मंडळाला ऑफिसात बसून कळणार नाही.

आत्याकडे परत येतो, कारण तिथे मध्यंतरी एक घडलं. केंद्रवाल्याने रोजंदारी बंद करून पोळीवर पैसे सुरू केले, पोळीमागे १ रुपया ७० पैसे. सगळ्या खूश, हाताला वेग असेल तर जास्त मिळतील. मार्क्सचं तुकड्यावरच्या मजुरीचं छोटंसं प्रकरण आहे, त्यात तो म्हणतो की ही भांडवलाला सगळ्यात सोयीची पद्धत, देखरेख लागत नाही, माणूस स्वतःच स्वतःला पळवतो, आणि सगळे पळायला लागले की दर खाली येतो. एक नवीन मुलगी आली, तरणी, ३८० काढायची. दोन महिन्यांत दर १ रुपया ५० पैसे झाला. मी आत्याला म्हटलं, अगं हे बघ, दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

"ते काय सांगतोस," आत्या म्हणाली, "आम्ही चौघी आता ३३० झाल्या की हात आवरतो. ती पोरगी पण. चारशे काढल्या तर सव्वा रुपया करेल मेला."